हिंगणघाटची कबर आणि हवेत तरंगणारी धावपट्टी

फ्लाइट सिम्युलेटरमध्ये वर्धा शोधणारे लोक जगात किती असतील? माझ्या अंदाजाने दोन्ही हातांची बोटं पुरावीत. बाकीची जनता मुंबई, दुबई, नाहीतर थेट आल्प्स पर्वतावर विमान नेते. आणि ते बरोबरच आहे म्हणा. वर्ध्यात वरून बघण्यासारखं काय, तर सपाट काळी जमीन, कापूस-सोयाबीनची शेतं आणि मधून वळणं घेत जाणारी नदी.

पण सिम्युलेटरमधला देखावा कसा बिघडतो हे शिकायचं असेल तर वर्ध्यासारखी जागा नाही. आल्प्समध्ये एखादा डोंगर शंभर मीटर इकडेतिकडे झाला तर कुणाला कळणार? सपाट मुलखात मात्र प्रत्येक चूक उठून दिसते. नागपूरहून उडा, नैर्ऋत्येला वळा, आणि साठ-सत्तर किलोमीटरमध्ये सगळे नमुने भेटतात. जमिनीत सरळ रेषेत पडलेली भेग. टेकडीवर चढणारी नदी. रस्त्यापासून शे-दीडशे मीटर बाजूला पडलेलं गाव. जमिनीवर न टेकता हवेत तरंगणारी किंवा खड्ड्यात बसलेली धावपट्टी.

अशा वेळी आपण (म्हणजे आपल्यासारखे लोक) काय करतो? ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट करतो, कॅशे उडवतो, सेटिंग खाली-वर करून बघतो. कधीकधी त्याने काम होतंही. पण बऱ्याचदा दोष कार्डात नसतो, डेटात असतो. आणि डेटाचा दोष म्हणजे इतिहासाचा दोष. एकेक ग्लिच धरून मागे चालत गेलं की आपण एका शटलपाशी पोचतो, मग एका युद्धापाशी, आणि शेवटी वर्धा जिल्ह्यातल्याच एका कबरीपाशी. हा लेख त्या रस्त्याबद्दल आहे.

अकरा दिवसांची जमीन

आधी उंचीचं बघू. ११ ते २२ फेब्रुवारी २००० या काळात 'एन्डेव्हर' हे शटल पृथ्वीभोवती फिरत होतं. त्यातून साठ मीटर लांबीचा एक दांडा बाहेर काढलेला होता. रडारचा एक अँटेना शटलमध्ये, दुसरा दांड्याच्या टोकाला. दोन डोळ्यांनी आपल्याला खोली कळते ना, तोच प्रकार. त्या अकरा दिवसांत साठ अंश उत्तर ते छप्पन अंश दक्षिण या पट्ट्यातली, म्हणजे जगातली सुमारे ८० टक्के जमीन उंचीसकट मोजली गेली. अमेरिकेबाहेरचा डेटा आधी नव्वद मीटरच्या जाळीत मिळाला, २०१४-१५ पासून तीस मीटरच्या. तेव्हापासून फुकटातल्या आणि विकतच्या कितीतरी सिम्युलेटरांच्या जमिनीखाली हाच पाया आहे.

हा डेटा एक अंश गुणिले एक अंश अशा चौकोनांत येतो आणि चौकोनाला त्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्याचं नाव असतं. वर्धा शहर, सेवाग्राम, पवनार, हिंगणघाट हे सगळं 'एन२०ई०७८' या एकाच फाइलीत. नागपूरचा विमानतळ मात्र 'एन२१ई०७९' मध्ये. म्हणजे नागपूरहून वर्ध्याला जाताना तुम्ही ७९ अंश रेखांश ओलांडता आणि २१ अंश अक्षांशही. आर्वी तर २१ अंशाच्या रेघेला जवळजवळ चिकटूनच आहे.

आता ती सरळ भेग कळली? ती नेहमी अंशाच्या रेघेवर असते. नव्वद मीटरच्या फाइलीत एका बाजूला १२०० नाही, १२०१ बिंदू असतात, कारण कडेची रांग शेजारच्या फाइलीतही असते. ही सामाईक रांग म्हणजे शिवण. कुणी १२०० समजून वाचलं, किंवा एका बाजूला जुनी आवृत्ती आणि दुसऱ्या बाजूला नवी ठेवली, की शिवण उसवते. भेग पूर्व-पश्चिम किंवा उत्तर-दक्षिण अगदी सरळ असेल तर ड्रायव्हरच्या नादी लागू नका. आधी दोन्ही चौकोन एकाच आवृत्तीचे आहेत का ते बघा.

दुसरी गंमत बाइटची. प्रत्येक उंची दोन बाइटमध्ये लिहिलेली असते, मोठा बाइट आधी. आपल्या नेहमीच्या प्रोसेसरना लहान बाइट आधी लागतो. उलटवायला विसरलं तर काय होतं? समुद्रकिनाऱ्यावर एक प्रकार, हिमालयात दुसरा. पण वर्ध्याची जमीन अडीचशे मीटरच्या आगेमागे आहे आणि २५६ हा आकडा बरोबर मध्ये येतो. बाइट उलटले की २५० मीटरचे होतात उणे १५३६. २५५ चे उणे २५६. २५६ चा होतो १. २५७ जसाच्या तसा २५७ राहतो (दोन्ही बाइट सारखे!), २५८ चे ५१३ आणि २६० चे थेट १०२५. म्हणजे जिथे बैलगाडीला चढ जाणवणार नाही तिथे सिम्युलेटर हजार मीटरचे सुळके आणि दीड हजार मीटरच्या दऱ्या उभ्या करतो. बाइटक्रमाची चाचणी घ्यायला इतका चांगला जिल्हा शोधून सापडायचा नाही.

तिसरी गोष्ट तारखेची. शटलने जे बघितलं ते फेब्रुवारी २००० चं. आर्वी तालुक्यात धनोडीला निम्न वर्धा धरणाचं पाणी अडलं ते त्यानंतर. त्यामुळे उपग्रहाच्या नव्या फोटोत तलाव, पण खालची जमीन मात्र जुनी दरी! पाणी दरीच्या दोन्ही उतारांवर चढून बसलेलं दिसतं. समृद्धी महामार्गाचंही तसंच. नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि तो वर्धा जिल्ह्यातून जातो. शेजारशेजारच्या दोन फोटोंच्या तारखा वेगळ्या असल्या तर महामार्ग शेताच्या मधोमध एकदम संपतो. याला ग्लिच तरी कसं म्हणायचं? दोन वेगळ्या वर्षांचं वर्धा एकाच पडद्यावर आलेलं असतं, इतकंच.

बाजूला सरकलेलं गाव

आता अवघड ग्लिच. उंची बरोबर, शिवण बरोबर, फोटो ताजा. तरीही जुन्या नकाशावरून कुणी काढलेला रस्ता, रेल्वेमार्ग किंवा नदी फोटोतल्या जागेवर बसत नाही. सगळं एकाच दिशेला, साधारण सारख्याच अंतराने सरकलेलं. नदीचं पात्र फोटोत इथे आणि काढलेली निळी रेघ तिकडे टेकडीच्या अंगावर.

सगळंच एकसारखं सरकलेलं असेल तर ती हाताची चूक नव्हे. हाताच्या चुका विखुरलेल्या असतात. मग चूक मोजण्याच्या सुरुवातीत असते. त्यासाठी दोनशे वर्षं मागे जावं लागतं.

१७९९ सालची श्रीरंगपट्टणची मोहीम. टिपू सुलतानाविरुद्ध निघालेल्या फौजेत विल्यम लॅम्ब्टन नावाचा एक अबोल अधिकारी होता. एका रात्रीच्या कूचमध्ये त्याने आकाशाकडे बघून सेनापतीला सांगितलं की आपण दक्षिणेला नाही, उत्तरेला, म्हणजे सरळ शत्रूच्या अंगावर चाललोय. सेनापतीला आधी पटेना, पण तारे बरोबर निघाले. हाच माणूस पुढे म्हणाला, मला हिंदुस्थान मोजू द्या. नुसता मुलूख नाही, पृथ्वीचा आकारच मोजतो.

१८०२ मध्ये मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या पायथ्याशी त्याने साडेसात मैलांची पहिली पायारेषा साखळीने मोजली. तिथून त्रिकोणामागून त्रिकोण. एक बाजू आणि कोन माहीत असले की बाकीच्या बाजू गणिताने निघतात, हे आपण आठवीत शिकलो. फक्त त्याचे त्रिकोण मैलोनमैल पसरलेले होते. कोन मोजायचा थिओडोलाइट जवळजवळ अर्धा टन वजनाचा. तो इंग्लंडहून येताना फ्रेंचांनी जहाजासकट पकडला, मॉरिशसला नेला आणि मग सभ्यपणे परत पाठवून दिला. १८०८ मध्ये तंजावरच्या देवळावर चढवताना दोर सुटला, यंत्र भिंतीवर आदळलं आणि त्याचं वर्तुळ वाकलं. दुसरा कुणी असता तर नवीन मागवून दोन वर्षं वाट बघत बसला असता. लॅम्ब्टनने तंबूत कोंडून घेतलं, यंत्र सुटं केलं आणि सहाएक आठवडे ठोकत-ओढत ते वर्तुळ पुन्हा गोल केलं.

त्याची पद्धत मला फार आवडते. त्रिकोणांची साखळी खूप लांब गेली की तो पुन्हा जमिनीवर एक पायारेषा साखळीने मोजायचा आणि गणिताने आलेल्या लांबीशी ताडून बघायचा. आपण ज्याला चेकसम म्हणतो तो त्याने शेतांतून, काट्याकुट्यांतून मोजून काढला. कन्याकुमारीपासून बीदरपर्यंत असं करत तो वर सरकत राहिला. वीस वर्षं.

१८२३ च्या जानेवारीत तो हैदराबादहून नागपूरला निघाला होता. तिथे नवं ठाणं करायचं आणि उत्तरेचं काम पुढे न्यायचं, असा बेत. वय सत्तरीच्या घरात (त्याचं जन्मवर्ष नक्की नाही). तब्येत ढासळलेली. वाटेत हिंगणघाटला मुक्काम पडला आणि २० जानेवारी १८२३ ला तिथेच तो गेला. तेव्हा हा सगळा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा. वर्धा जिल्हा नव्हता, वर्धा शहरही नव्हतं. जिल्हा झाला १८६२ मध्ये, शहर वसलं त्यानंतर. ज्या जागेचे अक्षांश-रेखांश आपण आज पडद्यावर तपासतो, तिचं नाव पडायच्या चाळीस वर्षं आधी तिला जगाच्या जाळ्यात बसवू पाहणारा माणूस तिथे पुरला गेला.

आणि त्याच्याबरोबरचे? निशाणं धरून टेकड्यांवर दिवसचे दिवस उभे राहणारे खलाशी, यंत्र वाहणारे हमाल, जंगलातल्या तापाने गेलेले कितीतरी. त्यांना कबरीचा दगडही नाही. प्रत्येक त्रिकोणाच्या टोकावर त्यांच्यापैकी कुणीतरी उभं होतं म्हणून तो त्रिकोण झाला, एवढं तरी ध्यानात ठेवावं.

एका आकड्याच्या अनेक आवृत्त्या

लॅम्ब्टननंतर सूत्रं आली जॉर्ज एव्हरेस्टकडे. हो, तोच. त्याने कंस बीदरजवळच्या दमरगिद्द्यापासून मध्य भारतातल्या सिरोंजजवळच्या कल्याणपूरपर्यंत नेला. १८ अंश ३ मिनिटांपासून २४ अंश ७ मिनिटांपर्यंत. वर्ध्याचा अक्षांश (२० अंश ४५ मिनिटांच्या आसपास) बरोबर यातच येतो. हा कंस वर्ध्याच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवरून जातो. १८३० मध्ये एव्हरेस्टने याचा वृत्तान्त छापला आणि पृथ्वीच्या दबलेल्या गोळ्याचे आकडे काढले. त्यालाच 'एव्हरेस्ट १८३०' म्हणतात. भारताचे नकाशे पुढे दीडशेहून अधिक वर्षं त्यावर काढले गेले, आणि सुरुवातीचा बिंदू ठरला कल्याणपूर.

एव्हरेस्टच्या पृथ्वीची विषुववृत्तीय त्रिज्या सुमारे ६३,७७,२७६ मीटर. आजच्या जीपीएसची, म्हणजे 'डब्ल्यूजीएस ८४' ची, ६३,७८,१३७ मीटर. फरक ८६० मीटरच्या आसपास. पण 'एव्हरेस्ट' म्हणजे एकच आकडा असंही नाही! मूळ मोजमाप फुटांत आणि यार्डांत. त्यांचं मीटर करताना कुठला यार्ड धरायचा यावरून वेगवेगळ्या आवृत्त्या निघाल्या. १९३७ च्या हिशोबात ६३,७७,२७६.३४५, १९५६ च्या हिशोबात ६३,७७,३०१.२४३. एकाच नावाचा कॉन्स्टंट, दोन किमती. कोड रिव्ह्यूमध्ये असं दिसलं तर आपण ओरडू की नाही? सॉफ्टवेअरच्या यादीतून घाईत 'एव्हरेस्ट' निवडताना चुकीची ओळ निवडली जाते ती यामुळेच.

एव्हरेस्टचा गोळा भारतापुरता छान बसतो, पण त्याचं केंद्र पृथ्वीच्या खऱ्या केंद्रात नाही. तिन्ही अक्षांवर मिळून ते काहीशे मीटर बाजूला आहे. नेहमी वापरल्या जाणाऱ्या रूपांतराच्या आकड्यांनी (२९५, ७३६ आणि २५७ मीटर) वर्ध्यासाठी हिशोब केला, तर पूर्व-पश्चिम सुमारे १४५ मीटर आणि उत्तर-दक्षिण सुमारे ८५ मीटर फरक येतो. एकूण सरक पावणेदोनशे मीटरच्या आत-बाहेर. झाला खुलासा! तुमची नदी टेकडीवर चढलेली नाही. ती १८३० च्या पृथ्वीवर वाहते आहे आणि फोटो आजच्या पृथ्वीचा आहे.

एकोणिसाव्या शतकातले नकाशे स्कॅन करून जोडणाऱ्यांसाठी आणखी एक खड्डा आहे. त्या काळी भारतातले रेखांश मद्रासच्या वेधशाळेवरून धरत आणि तिचा ग्रिनिचपासूनचा रेखांशच थोडा चुकलेला होता. फरक सुमारे अडीच मिनिटांचा. वर्ध्याला तो चार किलोमीटरहून जास्त भरतो. म्हणून सरक मीटरांत आहे की किलोमीटरांत, हे आधी मोजा. आकडाच दोषाचं वय सांगतो.

पाच सेकंदांचा बग

एव्हरेस्टलाही एक ग्लिच भेटला होता आणि तो सगळ्यांत भारी आहे. कल्याणपूर आणि उत्तरेला मुझफ्फरनगरजवळचं कालियाना, या दोन जागांमधलं अक्षांशांचं अंतर ताऱ्यांवरून एक येत होतं आणि त्रिकोणांवरून दुसरं. फरक ५.२३६ सेकंद, म्हणजे जमिनीवर दीडशे-एक मीटर. सहाशे किलोमीटरच्या मोजणीत! एव्हरेस्टने तो मोजणीतली किरकोळ तफावत समजून त्रिकोणांमध्ये वाटून टाकला. (ओळखीचं वाटतंय ना? 'राउंडिंग असेल, पुढे चला.')

कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन प्रॅट यांना हे पटलं नाही. त्यांचं म्हणणं असं की हिमालय ओळंब्याला आपल्याकडे ओढतो, म्हणून ताऱ्यांचं माप बिघडतं. त्यांनी डोंगरांच्या वस्तुमानाचा हिशोब केला आणि उत्तर आलं १५.८८५ सेकंद. म्हणजे फरक समजावून द्यायला गेले आणि तिप्पट मोठा फरक हातात आला. हिमालय जितका ओढायला हवा तितका ओढतच नव्हता. १८५५ मध्ये जॉर्ज एअरी यांनी सुचवलं की डोंगरांना खाली हलक्या खडकाची मुळं असली पाहिजेत, बर्फाचा डोंगर पाण्यात तरंगतो तशी. पृथ्वीचं कवच तरंगतं आहे ही आजच्या भूशास्त्रातली पायाभूत कल्पना. ती निघाली पाच सेकंदांच्या एका बगमधून, जो आधी वाटून टाकला होता.

तरंगणाऱ्या धावपट्टीचं मूळही इथेच आहे. समुद्रसपाटी म्हणजे गणितातला गुळगुळीत गोळा नव्हे. खालच्या वस्तुमानाप्रमाणे ती वर-खाली होते, आणि भारताच्या दक्षिणेला तर जगातला सर्वांत खोल खळगा आहे, शंभर मीटरहून जास्त. वर्ध्यालाही समुद्रसपाटी जीपीएसच्या गोळ्यापेक्षा पन्नास मीटरहून अधिक खाली आहे. एका डेटात उंची गोळ्यापासून आणि दुसऱ्यात समुद्रसपाटीपासून धरली, की धावपट्टी वीस मजल्यांएवढी हवेत तरी जाते किंवा खड्ड्यात तरी.

खेळाबाहेर

हे सगळं खेळापुरतं असतं तर सोडून दिलं असतं. पण खऱ्या विमानांतही जमिनीचा डेटा असतो. डोंगर जवळ आला की ओरडणारी यंत्रणा त्यावरच चालते. युरोपात शेजारच्या देशांच्या रडारांना एकच विमान वेगवेगळ्या जागी दिसायचं, कारण प्रत्येक देशाचा गोळा वेगळा. शेवटी आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटनेने १ जानेवारी १९९८ पासून विमान वाहतुकीसाठी 'डब्ल्यूजीएस ८४' ठरवून टाकला. भारतात २००५ च्या नकाशा धोरणाने नागरिकांसाठीचे नकाशे त्याच पायावर आणले आणि फेब्रुवारी २०२१ च्या नियमांनी नकाशांवरची बरीच बंधनं सैल केली.

तरी चुका संपत नाहीत, फक्त जात बदलते. २०२० मध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये मेलबर्नच्या एका साध्या वस्तीत २१२ मजली मनोरा उगवला. कारण खुल्या नकाशात कुणीतरी २ च्या जागी २१२ टाइप केलं होतं. नकाशात ती चूक सुधारलीही गेली होती, पण सिम्युलेटरकडे जुनी प्रत होती. लॅम्ब्टनने दुसरी पायारेषा मोजून हा मनोरा पहिल्याच दिवशी पाडला असता!

तर थोडक्यात क्रम असा. भेग सरळ अंशावर असेल तर चौकोन बघा. सपाटीत सुळके दिसले तर बाइटक्रम. पाणी चढावर असेल तर तारखा. सगळं एका दिशेला शंभर-दोनशे मीटर सरकलं असेल तर डेटम, किलोमीटरमध्ये सरकलं असेल तर जुना रेखांश. सगळं सारख्या उंचीने वर-खाली असेल तर समुद्रसपाटी. यातलं काहीच नसेल तर खुशाल ड्रायव्हर अपडेट करा.

पुढच्या वेळी नागपूरहून दक्षिणेला विमान काढाल तेव्हा हिंगणघाटवरून एक चक्कर मारा. कबर पडद्यावर दिसणार नाही, तेवढी बारीक जाळी अजून नाही. पण खालची वणा नदी आपल्या पात्रात नीट बसलेली दिसली, तर समजा की दोनशे वर्षांचा हिशोब निदान त्या चौकोनापुरता जुळला आहे.